अंडी विषयात बसत नाहीत

आमच्या ग्रुपवर कशाबद्दल बोलायचं आणि कशाबद्दल नाही, एवढंच ठरवायचं होतं. कॉफीचा कप हातात घ्यावा आणि तो निवायच्या आत उरकून टाकावं, एवढंसं काम. त्यापायी माझ्या घरात कित्येक आठवडे अंडं दिसलं नाही, आमच्या बारांगायच्या, म्हणजे वॉर्डाच्या, कॅप्टनचा चेहरा दाराएवढा छापला गेला आणि सख्ख्या मुलीच्या लग्नात मला माझ्याच बायकोकडे प्रवेशाचा अर्ज करावा लागला. लोक म्हणतात, तेर्यो, तू उगाच वाढवलंस. मी काहीही वाढवलेलं नाही. मी फक्त नियम लिहायला बसलो होतो.

मी इलोइलो शहरातल्या जमीन मोजणी कार्यालयात आरेखक आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या जमिनींच्या हद्दी काढतो, त्यामुळे कुठलीही गोष्ट नेमकी कुठे संपते हे ठरल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि छंद म्हणून पाऊस मोजतो. अंगणात एक नळकांडं रोवायचं, रोज सकाळी त्यातलं पाणी मोजायचं आणि ग्रुपवर मिलिमीटरमध्ये लिहायचं. पाऊस पडला नसेल तर शून्य लिहायचं. शून्य लिहिण्यातही एक आनंद असतो, पण तो कळायला थोडं वय व्हावं लागतं.

‘इलोइलो हौशी पर्जन्यमापक मंडळ’ सुरू केलं तेव्हा आम्ही सात जण होतो आणि सातही जण शहराच्या हारो भागातल्या एकाच वसाहतीत राहणारे. एकाच्या नळकांड्यापाशी उभं राहून शिंकलं तर दुसऱ्यानं ‘देव भलं करो’ म्हणावं, एवढं अंतर. तरी मंडळ म्हटल्यावर पदं आली. मी अध्यक्ष. उपाध्यक्ष अटर्नी देफान्ते, निवृत्त वकील. मग सचिव, खजिनदार, खजिनदारावर लक्ष ठेवायला हिशेबतपासनीस (खजिना नव्हता, पण पद्धत म्हणजे पद्धत), शिस्तपाल म्हणून इंजिनिअर पाबिलोना, ज्यांना ऐकू कमी येतं, आणि मंडळाची सौंदर्यदेवता. आमच्याकडे चार माणसं जमली की सौंदर्यदेवता निवडावीच लागते, नाहीतर मंडळ आहे असं कुणी मानत नाही. आमची सौंदर्यदेवता म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका मिस ओर्तालिस. वयाची सत्तरी ओलांडलेल्या, पण नोंद एकही दिवस चुकवत नाहीत.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका वर्षी मोठं वादळ आलं. आमच्या सात नोंदी कुणीतरी इकडेतिकडे पाठवल्या आणि बघता बघता निम्मं शहर ग्रुपमध्ये घुसलं. मला आधी फार आनंद झाला. विज्ञानाचा प्रसार होतोय असं वाटलं. दुसऱ्या दिवशी फोन उघडला तर पहिला प्रश्न: “उद्या शाळा बंद आहे का?” खाली तोच प्रश्न शंभर पोरांनी विचारलेला. त्याखाली एका झुंजीच्या कोंबड्याचा फोटो, ‘या हवेत याला सर्दी होईल का?’ मग एक ढग, जो म्हणे हुबेहूब संत अंतोनियोसारखा दिसत होता. आणि बाकी सगळीकडे कपडे. “मानोंग, चादरी धुवू का?” (मानोंग म्हणजे दादा, म्हणजे मी.) “मानोंग, लेगानेसला भुरभुर सुरू झाली, मी दोरीवरचे काढले.” “अगं, इकडे ऊन आहे, मी आत्ताच वाळत घातले.” मी पाऊस मोजणारा माणूस. माझ्या मंडळात लोक एकमेकांचे टॉवेल मोजत होते.

“याला एकच उपाय,” अटर्नी म्हणाले. “विषयसूची. काय बसतं आणि काय बसत नाही. लेखी.”

अटर्नींना लेखी हा शब्द उच्चारताना जी तरतरी येते ती मी इतर कशानं आलेली पाहिली नाही. आम्ही सात जण माझ्या ओसरीवर बसलो. पाऊस बसतो, यावर पाच मिनिटांत एकमत झालं. दंव बसतं का, यावर कॉफीची दुसरी किटली संपली. गडगडाट बसत नाही, कारण तो नळकांड्यात पडत नाही, असं मी मांडलं. इंजिनिअर पाबिलोनांनी आक्षेप घेतला की त्यांना पावसाबद्दल ऐकू येणारी तेवढी एकच गोष्ट आहे, म्हणून तो बसला. गारांवर तर दोन तट पडले. इलोइलोत गारा पडलेल्या आमच्यापैकी कुणी पाहिलेल्या नाहीत, तरी अटर्नी आणि मिस ओर्तालिस नंतर आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते.

सूची तयार झाली. शाळा, कोंबडे, संतसदृश ढग आणि धुणं, सगळं विषयबाह्य. शिवाय नवीन सदस्याला ‘सामील होण्याचं कारण’ लिहावं लागेल आणि ते मी तपासणार. पहिल्याच दिवशी एक अर्ज आला. नावाच्या जागी ‘शेवंतीची कुंडी’, फोटोही कुंडीचाच. कारण: “आमच्याकडे लोक सारखी अंडी आणतात, त्यामुळे पावसाचा अंदाज असलेला बरा.” मी उत्तर पाठवलं, “कोंबडीपालन विषयबाह्य आहे,” आणि अर्ज नामंजूर केला. त्या दिवशी मला फार हलकं वाटलं.

आता लग्नाचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच येऊन आदळलं. आमची एकुलती एक जोवी. तिचं लहानपणापासून स्वप्न, लग्नाचं जेवण उघड्या बागेत, झाडांमध्ये दिवे, डोक्यावर फक्त आकाश. माझी बायको मर्ली म्हणाली, “मांडव घालू या.” मी म्हणालो, “मांडव? पर्जन्यमापक मंडळाच्या अध्यक्षाच्या मुलीच्या लग्नात मांडव?” मी माझ्या इतक्या वर्षांच्या नोंदी चाळल्या आणि फेब्रुवारीतला एक शनिवार शोधून काढला. त्या तारखेला माझ्या नळकांड्यात कधी एक थेंब पडलेला नव्हता. तारीख ठरली, ओतोन गावच्या चर्चला लागून असलेली बाग ठरली आणि मी ग्रुपवर जाहीर करून टाकलं: मांडव नाही, शास्त्र आहे. त्यावर अटर्नींनी टाळ्या पाठवल्या. जोवीनं मला मिठी मारली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही म्हणता ना, मग मला काळजी नाही.” ते ऐकून माझा ऊर भरून आला.

मर्लीला मात्र काळजी होती. आमच्याकडे लग्नात पाऊस नको असेल तर वधूकडची माणसं सांता क्लाराच्या मठात अंडी नेऊन देतात. नन त्या दिवसासाठी प्रार्थना करतात आणि पाऊस म्हणे दुसरीकडे जातो. माझ्या सासूनं नेली होती. आमच्या लग्नात पाऊस पडला नव्हता हे खरं, पण ते लग्न एप्रिलमध्ये होतं हे मी मर्लीला अनेकदा समजावलंय.

एके दिवशी ग्रुपवर निनावी पोस्ट आली. “मुलीचं लग्न उघड्यावर आहे. नवरा हट्टी आहे. मठात किती अंडी न्यावीत?” तासाभरात उत्तरांचा खच पडला. कुणी म्हणे डझनभर पुरे, कुणी म्हणे हट्टी नवऱ्याची वेगळी धरा. कोंबडीची की बदकाची, यावरून भांडण पेटलं. एकीनं विचारलं, “नवरा कुठल्या बाबतीत हट्टी आहे?” तर निनावी बाई म्हणाली, “तो पाऊस मोजतो.” तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आपल्यासारखा आणखी एक मोजणारा शहरात आहे, त्याला गाठलं पाहिजे, एवढंच वाटलं. मग मी पोस्ट काढून टाकली, निनावी सदस्याला बाहेर काढलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: “अंडी विषयात बसत नाहीत. अध्यक्ष.”

त्या दिवसापासून घरातली अंडी बंद झाली. मी न्याहारीला विचारलं, “अंडं नाही?” मर्ली म्हणाली, “विषयात बसत नाही.” मी हसलो. मला वाटलं ती माझ्या पोस्टचं कौतुक करतेय.

पण ग्रुपवर गदारोळ माजला. अंडीवाले चिडले, धुणंवाल्या चिडल्या. अटर्नी म्हणाले की सूचीला सर्वसाधारण सभेची मंजुरी नाही, तेव्हा कायद्यानं ती कच्ची आहे. सभा घ्यायची तर बास्केटबॉलचं छप्परवालं मैदान लागणार आणि ते कॅप्टन बेबोतच्या ताब्यात. कॅप्टन बेबोत माझा शेजारी, जोवीच्या लग्नातला धर्मपिता, म्हणून मी त्याचा कुंपारे. त्याला धर्मपिता न करता आमच्या भागात लग्न होत नाही.

“मैदान तुझंच आहे, कुंपारे,” तो म्हणाला. “फक्त अर्ज दे. पाच प्रतींत. हेतू लिही.”

मी हेतू लिहिला, ‘पावसाविषयीचे विषय ठरवणे’. कचेरीतल्या बाईंनी तो परत केला, कारण त्यांच्या छापील नमुन्यात हेतूला दोनच पर्याय होते: खेळ किंवा अंत्यविधी. मी खेळावर खूण केली. तर म्हणाल्या, खेळ असेल तर संघांची नावं हवीत. मी निमूटपणे ‘मिलिमीटर’ विरुद्ध ‘अंडी’ असं लिहून दिलं आणि शिक्का मिळाला. सुशिक्षित माणसाला सार्वजनिक जीवनात काय काय करावं लागतं!

सभेच्या दिवशी मैदानात गेलो तर समोर ताडपत्रीवर छापलेला भलामोठा फलक. त्यावर कॅप्टन बेबोतचा हसरा चेहरा, एखाद्या दाराएवढा, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत, ‘पर्जन्य विषयनिश्चिती परिषदेस शुभेच्छा’. कार्यक्रम सुरू झाला. प्रार्थना झाली. राष्ट्रगीत झालं. कॅप्टनचं भाषण झालं, ज्यात पाऊस सोडून रस्ता, गटार आणि येती निवडणूक हे सगळं आलं. ज्येष्ठ महिलांचं नृत्य झालं. आमच्या सौंदर्यदेवतेला गुच्छ देण्यात आला. मग खाणं आलं, पान्सितच्या परतलेल्या शेवया आणि केळ्याचे तळलेले तुकडे, आणि त्यानंतर कॅप्टन म्हणाला की मैदान आता मुलांना द्यायचंय, तेव्हा विषय झटपट उरका.

मी उभा राहिलो. हद्दीचं महत्त्व सांगितलं. म्हणालो, “आता ती अंड्यांची पोस्टच घ्या. कोण ही बाई? तिला पाऊस म्हणजे काय हे तरी माहीत आहे का?”

तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकली.

“मीच ती,” मर्ली म्हणाली. “आणि पाऊस म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. गेली कित्येक वर्षं तो आला की तू नळकांड्याकडे पळतोस आणि मी दोरीकडे.”

सगळं मैदान हसलं. शिस्तपाल पाबिलोनांना ऐकू आलं नव्हतं, त्यांनी शेजाऱ्याला विचारलं आणि मग ते एकटेच उशिरा, जास्त मोठ्यानं हसले. मर्ली पर्स उचलून निघाली. तिच्यामागे मिस ओर्तालिस सोडून सगळ्या बायका उठल्या, आणि बरेच पुरुषही, कारण उरलेलं पान्सित त्यांनीच डब्यांत भरून घेतलं होतं. आम्ही सात जण आणि कॅप्टनचा फलक, एवढेच मागे राहिलो. सूची एकमतानं मंजूर झाली.

मर्लीनं त्याच आठवड्यात स्वतःचा ग्रुप काढला: ‘दोरीवरचे कपडे’. नियम एकच. आपल्या गावाचं नाव लिहायचं आणि पुढे ‘काढले’ किंवा ‘घातले’. मग खुशाल हवं ते बोला, अंडी, कोंबडे, सुना. माझ्या मंडळात सात माणसं उरली. तिच्याकडे दंतवैद्य होत्या, बँकेच्या मॅनेजर होत्या, कॅप्टनची बायको होती, पार दुमांगासपासून तिगबावानपर्यंत दोरी बांधलेली सगळी घरं होती. मी बघायला जाणार होतो, पण सदस्य नसताना आत दिसत नाही. मी माझे शून्य लिहीत राहिलो. माझ्या शून्यावर पूर्वी चाळीस-पन्नास हृदयं यायची. आता फक्त अटर्नींचं एक यायचं, आणि तेही चौकशी केल्यासारखं वाटायचं.

लग्नाचा शनिवार उजाडला. सकाळी आकाश धुतल्यासारखं निळं. मी माझ्या सात जणांच्या नोंदी पाहिल्या: शून्य, शून्य, सगळीकडे शून्य. बारोंग, म्हणजे आमचा समारंभाचा भरतकाम केलेला सदरा, घातला आणि आरशासमोर दोन वेळा ‘शास्त्र’ असं म्हणून पाहिलं. बागेत पांढऱ्या खुर्च्या मांडलेल्या, झाडांवर दिव्यांच्या माळा, मधल्या टेबलावर लेचोन, म्हणजे अख्खं भाजलेलं डुक्कर, कुरकुरीत, तपकिरी, चकाकणारं. त्या कातडीला पाणी लागलं की ती वातड होते आणि मग पाहुणे यजमानाचं नाव पिढ्यानपिढ्या विसरत नाहीत. वर छत काहीही नाही. माझ्या शब्दावर.

जोवी चर्चच्या मधल्या वाटेनं आली आणि मी सगळं विसरलो. डोळे भरून आले. फादर इसिद्रोंनी प्रवचन केलं आणि त्यांच्या मानानं ते लवकर संपवलं. ओतोनमध्ये फादर इसिद्रोंच्या प्रवचनाला लोक घाबरतात. जोवीनं आधीच जाऊन हात जोडून सांगितलं होतं, “फादर, थोडक्यात.” बिचारे आवंढा गिळून बसले.

तेवढ्यात चर्चभर एक बारीक गुणगुण झाली. बायकांच्या पर्समधले फोन एकाच वेळी थरथरत होते. दुसऱ्या रांगेतून तिसऱ्या रांगेत कुजबुज गेली. मी खिडकीतून पाहिलं. ईशान्येकडे, शहराच्या पलीकडे, एक काळा पट्टा उभा होता. माझ्या फोनवर काहीच नाही, कारण माझी सातही नळकांडी एकाच गल्लीत, आणि त्यांचे मालक इथे, माझ्यामागे, कडक इस्त्रीत बसलेले.

मी मर्लीकडे झुकलो. “काय झालं?”

“काही नाही,” ती समोर बघत म्हणाली. “तुझ्या विषयात बसत नाही.”

“मर्ली, पाऊस आहे का?”

“धुणं आहे.”

“मला आत घे.”

“अर्ज कर. कारण लिही.”

तिकडे वेदीपाशी मिस्साच्या प्रार्थना चालल्या होत्या आणि इकडे मी गुडघ्यांच्या आड फोन धरून कारण लिहीत होतो. ‘माझ्या मुलीचं लग्न उघड्यावर आहे. नवरा हट्टी आहे.’ मर्लीनं वाचलं. तिच्या ओठांचा कोपरा हलला. तिनं बोट टेकवलं आणि मला आत घेतलं.

आत काय होतं म्हणून सांगू! एका ओळीखाली एक, गावं लावून ठेवलेली. दुमांगास: काढले. सारागा: काढले. लेगानेस: काढले, लवकर करा गं. आणि प्रत्येकीपुढे वेळ. त्यातल्या एका नोंदीवर तर मी थबकलोच. ‘शेवंतीची कुंडी’ या नावानं लिहिलं होतं: “लेगानेसच्या वाटेवर: चादरी काढल्या. सर दाट आहे पण अरुंद, मागच्या बाजूला उजाडलंय, वारा ईशान्येचा.” अशी नोंद माझ्या मंडळात कुणी कधी केली नव्हती, मी धरून. नाव कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं, पण तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. तेवढ्यात सगळ्यात वर नवी ओळ आली. दुमांगास: घातले.

मी ताठ बसलो. यातल्या प्रत्येक गावापासून पुढच्या गावाचं अंतर मला पाठ आहे, मी ते नकाशे काढलेत. गाण्यांच्या कागदाच्या मागे मी पेन्सिलीनं रेघा ओढल्या. सर केवढ्या वेगानं येतेय ते निघालं. काढले आणि घातले यांतल्या फरकावरून ती किती वेळ टिकते ते निघालं. मी हिशेब दोनदा केला, कारण मला तो आवडला नाही.

“येणार,” मी मर्लीला म्हणालो. “मिस्सा संपून सगळे बागेत बसतील, बरोबर तेव्हा येणार. पण थांबणार नाही. अर्ध्या तासात जाईल.”

मर्लीनं माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. “हे तुला आमच्या काढले-घातलेवरून कळलं?”

“हो.”

“आम्हाला कसं नाही सुचलं?” तिचा आवाज खरंच चकित झालेला होता. कितीतरी आठवड्यांनी कुणी माझ्याकडे असं पाहिलं होतं. मग लगेच ती कामाला लागली. बागेच्या मालकीणबाई ग्रुपमध्येच होत्या. मर्लीनं लिहिलं: “ओतोन: काढा. खुर्च्या वळचणीला. लेचोन झाका.”

उरला प्रश्न पाहुण्यांचा. ते बाहेर पडायला नको होते. आमच्याकडे लग्नात वधूचे आईवडील वेदीपाशी भेटी घेऊन जातात. माझ्या हातात पाव होता, मर्लीच्या हातात टोपली. टोपलीत फळं असावीत असं मला वाटत होतं. फळांखाली अंडी होती.

“फादर,” पाव देताना मी ओठ न हलवता म्हणालो, “प्रवचन करा.”

“झालं की.”

“आणखी एक करा. लांबलचक. पाऊस येतोय, तो जाईपर्यंत कुणाला सोडू नका.”

फादर इसिद्रोंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या सेवेत ही विनंती त्यांना कुणी केली नव्हती. त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. “किती वेळ?”

“माझी बायको उभी राहीपर्यंत.”

मिस्सा संपत आली, लोक पंखे मिटून उठायच्या बेतात, आणि फादर दोन्ही हात पसरून म्हणाले, “प्रिय बंधूभगिनींनो, मला काही सांगायचं राहिलं.” सगळ्या चर्चमधून एक उसासा निघाला. जोवीनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तिनं विश्वासानं पुन्हा समोर पाहिलं, आणि तेवढ्यात छपरावर पाऊस कोसळला. काय कोसळला! फादरांचा आवाज बुडाला, तर त्यांनी तो आणखी चढवला. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मांडव नाही, शास्त्र आहे, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मला वाचता येत होतं. कॅप्टन बेबोत पुढच्या रांगेतून कुजबुजला, “कुंपारे, लेचोन!” मी बोटानं गप्प राहायची खूण केली. हिशेब चुकला असेल तर जोवी आयुष्यभर मला काही बोलणार नाही, आणि तेच सगळ्यात वाईट असेल.

फादर लग्नापासून निघाले, नोहाच्या नावेपाशी आले, तिथून चर्चच्या गळक्या कोपऱ्याकडे वळले, मग त्यांच्या आईचा सुका मासा, मग पुन्हा नोहा. इंजिनिअर पाबिलोना सोडून सगळे चुळबुळत होते. मी फोनवर नजर ठेवून होतो. लेगानेस: घातले. हारो: घातले. आरेवालो: अजून शिंतोडे. आरेवालो: घातले. मग बराच वेळ काही नाही. छपरावरचा आवाज पातळ झाला, तुटक झाला. आणि मग बागेच्या मालकीणबाईंची ओळ आली. ओतोन: घातले.

मर्ली उभी राहिली. फादर नोहाच्या तिसऱ्या मुलापाशी होते, तिथेच वाक्य सोडून म्हणाले, “आमेन.” एवढ्या जोरात प्रतिसाद त्या चर्चनं कधी दिला नसेल.

दारं उघडली तर बाहेर लख्ख ऊन. पानापानावर थेंब, झाडांखाली भिजल्या मातीचा वास, आणि हिरवळीवर कोरड्या पांढऱ्या खुर्च्या नुकत्याच परत मांडलेल्या. मधल्या टेबलावर कॅप्टन बेबोत आडवा पसरलेला, म्हणजे त्याचा फलक. तो सकाळीच त्यानं बागेच्या फाटकावर लावून घेतला होता, धर्मपित्याच्या शुभेच्छा म्हणून. मालकीणबाईंनी तो खेचून लेचोनवर टाकला होता. पाहुण्यांपैकी दोघांनी मिळून तो उचलला. त्या हसऱ्या चेहऱ्यावरून पाणी ओघळलं आणि खाली लेचोन कोरडं ठाक. अटर्नींनी पुढे होऊन कातडीवर नखानं टिचकी मारली. ती कडकन वाजली. बागेत टाळ्या सुरू झाल्या.

जोवी पायांतले बूट हातात घेऊन ओल्या गवतातून धावत आली. “बाबा, तुम्हाला कसं कळलं कधी थांबणार ते?”

मी तोंड उघडलं. मला वेग, दिशा, अंतर असं पुष्कळ सांगता आलं असतं. “तुझ्या आईच्या दोरीवरून,” मी म्हणालो. मर्लीनं माझ्या बारोंगची कॉलर उगाचच नीट केली. मला इतका आनंद झाला की मी लेचोनचा पहिला तुकडा तिला दिला, कानाचा, जो मी आजवर कुणाला दिलेला नाही.

पुढच्याच आठवड्यात दोन्ही मंडळं एक झाली. अध्यक्ष मीच, पण पोस्टी मर्ली मंजूर करणार. अटर्नींनी विषयसूची नव्यानं लिहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा ती एका ओळीत मावली: कुठलाही विषय बसतो, फक्त आधी आपल्या गावावर काय पडतंय ते सांगा. गारा त्यांनी तळटीपेत घातल्या.

एक काम राहिलं होतं. लग्न पार पडलं की मठात आभार मानायला जायचं असतं. मर्लीनं अंड्यांची टोपली माझ्याच हातात दिली आणि आम्ही लेगानेसच्या वाटेवरच्या सांता क्लाराच्या मठात गेलो. मागच्या अंगणात पांढऱ्या चादरी वाऱ्यावर फडफडत होत्या. जाळीच्या खिडकीमागे एक म्हाताऱ्या सिस्टर आल्या. खिडकीच्या कठड्यावर शेवंतीची कुंडी होती. मी कुंडीकडे पाहिलं, मग चादरींकडे पाहिलं, मग पुन्हा कुंडीकडे.

“कोरडं पार पडलं ना जेवण?” सिस्टरांनी विचारलं. “आम्ही प्रार्थना केलीच, पण मी म्हटलं, निरोपही टाकून ठेवावा.”

“सिस्टर, तुम्ही...”

“तुमच्या मंडळात आधी अर्ज केला होता हो मी,” त्या अगदी गोड हसून म्हणाल्या. “उत्तर आलं, कोंबडीपालन विषयबाह्य आहे.”

मर्लीला भिंतीचा आधार घ्यावा लागला. ती इतकी हसली की आतून आणखी दोन नन बघायला आल्या. मी टोपली पुढे सरकवली. मग मी गाडीत गेलो आणि नवंकोरं नळकांडं घेऊन आलो. ते माझ्या गाडीत नेहमीच असतं.

“हे कशाला?” सिस्टरांनी विचारलं.

“अंगणात रोवायला, सिस्टर. तुम्ही आमच्या उपाध्यक्ष.”

“आणि अटर्नी?” मर्लीनं विचारलं.

“ते गारा बघतील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर मठाची पहिली नोंद आली: शून्य मिलिमीटर, चादरी घातल्या. त्यावर हृदयांचा पाऊस पडला. मी अंगणात जाऊन माझा लग्नातला बारोंग स्वतःच्या हातानं दोरीवर टाकला, चिमटे लावले आणि खाली लिहिलं, “हारो: घातले.” स्वयंपाकघरात मर्लीचा फोन वाजला. तिनं लगेच मंजूर केलं आणि आतूनच विचारलं, “तेर्यो, अंडं एक करू की दोन?”